मनाची साक्ष कुणी काढायची?

१७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेतून डेव्हिड किनेब्रुक नावाच्या सहायकाला काढून टाकण्यात आलं. त्याचं काम नाजूक होतं. दुर्बिणीतून बघताना डोळ्यांपुढे बारीक उभे धागे दिसत. एखादा तारा त्या धाग्यावरून नेमका कोणत्या क्षणी जातो, हे घड्याळाचे ठोके कानाने मोजत आणि दोन ठोक्यांमधला अंश नजरेने अदमासत टिपून ठेवायचं. वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांच्या नोंदींपेक्षा त्याच्या नोंदी मागे पडू लागल्या. फरक वाढत वाढत सेकंदाच्या आठ-दशांशापर्यंत गेला. ताकीद देऊनही सुधारणा होईना, तेव्हा त्याची नोकरी गेली. पुढे वीसेक वर्षांनी ही हकिकत क्योनिग्सबर्गच्या बेसेल या खगोलशास्त्रज्ञाच्या वाचनात आली. चूक एकट्या किनेब्रुकचीच कशावरून, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी स्वतःच्या नोंदी इतर नामांकित निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर कुणाचंच कुणाशी जुळेना.

खगोलशास्त्राने यावर व्यवहारी तोडगा काढला. प्रत्येक निरीक्षकाचा विलंब मोजायचा आणि हिशेबातून वजा करायचा. पण खगोलशास्त्रज्ञांनी जे वजा केलं, तेच पुढे एका नव्या शास्त्राचं भांडवल झालं. तारा दिसणं, ठोका ऐकू येणं आणि या दोन्हींचा मेळ घालणं, याला वेळ लागतो. तो वेळ माणसागणिक वेगळा असतो आणि मोजता येतो. ज्याला तो लागतो त्याला मात्र त्याचा पत्ता नसतो. किनेब्रुक प्रामाणिकपणे सांगत होता, मॅस्केलिनही प्रामाणिकपणे सांगत होते.

मनाविषयी माणूस फार पूर्वीपासून विचार करत आला आहे. उपनिषदं, बौद्धांचा अभिधम्म, पतंजलीची योगसूत्रं, ॲरिस्टॉटलचं लेखन यांतला विचार उथळ खचितच नाही. आजचं मानसशास्त्र त्याहून वेगळं होतं ते एका प्रश्नापाशी. माणूस स्वतःच्या मनाबद्दल जे सांगतो त्यावर भरवसा किती ठेवायचा, आणि त्याचा पडताळा घ्यायचा कसा? या शास्त्रातले सगळे पंथ म्हणजे याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, असं मला वाटतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद अशी नावं ओळीने येतात. विद्यार्थी ती पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, आणि ही शहाणी माणसं आपसांत एवढी भांडत का होती, हे कळायचं राहूनच जातं. हे पुस्तक त्या भांडणासाठी लिहिलं आहे.

१८५० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजलं. त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांच्या मते हा वेग मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. प्रत्यक्षात तो सेकंदाला तीसेक मीटर निघाला, म्हणजे भरधाव रेल्वेगाडीइतकाच. लाइपझिगमध्ये वेबर यांनी माणसांच्या हातात वजनं देऊन पाहिलं होतं. एक किलोच्या वजनात पन्नास ग्रॅमची भर पडली तर हाताला जाणवते, पण तेवढीच भर दहा किलोंच्या ओझ्यात पडली तर कळतही नाही. फरक जाणवायला लागणारी भर मूळ ओझ्याच्या प्रमाणात वाढते. त्याच शहरातल्या फेक्नर यांनी या निरीक्षणाला गणिताचं रूप देऊन १८६० साली ग्रंथ काढला. मनात जे घडतं त्याला मोजपट्टी लावता येते, हे तिथे पहिल्यांदा इतक्या पद्धतशीरपणे मांडलं गेलं.

म्हणून १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा जमीन नांगरून तयार होती. हे साल मानसशास्त्राचा जन्म म्हणून पाठ केलं जातं आणि ते सोयीचं आहे. वुंट यांच्यावर मात्र पाठ्यपुस्तकांनी अन्याय केला आहे. मनाचे घटक शोधायला माणसाला डोळे मिटून आत बघायला लावणारे प्राध्यापक, एवढीच त्यांची ओळख उरली. ती खरं तर त्यांचे शिष्य टिचनर यांच्या पद्धतीची ओळख आहे. वुंट यांनी आत्मनिरीक्षणावर कडक बंधनं घातली होती. उद्दीपक ठरलेला हवा, पुन्हा पुन्हा देता येण्याजोगा हवा, आणि उत्तर साधं हवं. भाषा, धर्म, लोकरीती यांचा उलगडा प्रयोगशाळेत होणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि त्या विषयावर आयुष्याची शेवटची वीस वर्षं घालवून दहा खंड लिहिले. ते खंड आज फारसं कुणी उघडत नाही.

बंधनं सैल झाली तशी गडबड झाली. वुंट यांचेच शिष्य क्युल्पे यांच्या व्ह्युर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेतले लोक सांगू लागले की विचार करताना मनात कधी कधी कोणतीही प्रतिमा नसते. अमेरिकेत कॉर्नेलला टिचनर म्हणाले, आमच्या निरीक्षकांना प्रतिमा सापडते, तुमचे निरीक्षक नीट तयार झालेले नाहीत. दोन्हीकडची माणसं प्रशिक्षित, दोन्हीकडची प्रामाणिक, आणि निवाडा करायला तिसरा कुणी नाही. स्वतःच्या मनाचा साक्षीदार एकटा तो माणूसच असेल, तर दोन साक्षी परस्परविरुद्ध गेल्यावर करायचं काय? या शास्त्राच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पेच हाच आहे, आणि पुढची पन्नास वर्षं त्याचेच पडसाद उमटत राहिले.

त्या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट हेरमान एबिंगहाउस यांनी आधीच दाखवून ठेवली होती. हाताशी प्रयोगशाळा नाही, मदतनीस नाही, आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूसही ते स्वतःच. अर्थ नसलेले दोन हजारांहून जास्त अक्षरगट त्यांनी तयार केले, त्यांच्या याद्या बनवल्या, एकेक यादी बिनचूक म्हणता येईपर्यंत घोकली, आणि ठरावीक काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. यातली हुशारी बारकाईने बघावी अशी आहे. ‘तुला आठवतं का?’ हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही. यादी पार विसरलो असं वाटत असतानाही ती दुसऱ्यांदा लवकर पाठ होत असेल, तर काहीतरी शिल्लक आहे. वीस मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याभराने २१. विसरण्याचा वेग आधी फार, मग मंद. १८८५ साली छापलेली ही वक्ररेषा २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी त्याच पद्धतीने पुन्हा काढली आणि ती जवळजवळ तशीच निघाली. सव्वाशे वर्षांनंतरही उभी राहणारी अशी निष्पत्ती या शास्त्रात विरळा.

अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी बारा वर्षं खपून १८९० साली मानसशास्त्राचा दोन खंडांचा ग्रंथ पुरा केला. मनाचे तुकडे पाडणं त्यांना मान्य नव्हतं. जाणीव वाहती असते, आणि ती माणसाला जगायला कशी उपयोगी पडते हे बघायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. वाहत्या जाणिवेची ती कल्पना युरोपातल्या कादंबरीतून फिरत मराठीत आली. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ने १९४२ साली ती आपल्याकडे आणली. जेम्स यांच्याकडे शिकलेल्या मेरी कॅल्किन्स यांनी डॉक्टरेटला लागणारं सगळं काम हार्वर्डमध्ये पुरं केलं, परीक्षकांनी त्यांना वाखाणलं, आणि बाई म्हणून विद्यापीठाने पदवी नाकारली. शब्दांच्या जोड्या देऊन स्मृती तपासायची त्यांची पद्धत आजही वापरात आहे. १९०५ साली त्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. पदवी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.

मराठी वाचकाला मानसशास्त्र म्हटलं की आधी आठवतात ते सिग्मुंड फ्रॉइड. त्यांनी साक्षीचा प्रश्न वेगळ्याच टोकाने सोडवला. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्याच्या मागे, त्यालाच ठाऊक नसलेलं, दडपलेलं बरंच काही असतं. म्हणून त्याची स्वप्नं बघा, जिभेच्या चुका बघा, बोलता बोलता तो कुठे अडखळतो ते बघा. निरीक्षक म्हणून फ्रॉइड थोर होते आणि त्रस्त माणसाचं बोलणं तासन् तास ऐकून घेणं हा उपचार आहे, हे जगाला त्यांनीच पटवलं. आज समुपदेशकासमोर बसणारा प्रत्येक माणूस त्यांचं देणं लागतो. शास्त्र म्हणून मात्र त्यांची रीत अडते. रुग्णाने विश्लेषकाचा अर्थ मान्य केला तर तो पुरावा, आणि अमान्य केला तर तो मनाचा प्रतिकार, म्हणजे पुन्हा पुरावाच. चूक ठरण्याची वाटच बंद असेल, तर बरोबर ठरण्यालाही मोल राहत नाही. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण आपल्या रुग्णांमध्ये ईडिपस गंड (मुलाला आईची ओढ आणि वडिलांचा मत्सर) फ्रॉइड सांगतात तसा दिसत नाही, हे त्यांनी गुरूच्या दबावाखाली न येता कळवलं. त्या पत्रांतला स्वतंत्र बाणा मला फार मोलाचा वाटतो.

१९१३ साली जॉन वॉटसन यांनी सगळाच मामला निकालात काढला. साक्षीच नकोत. मन दिसत नाही, वागणं दिसतं. तेव्हा शास्त्र वागण्याचंच. रशियात पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवर जे दाखवलं होतं, ते वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० साली अकरा महिन्यांच्या एका बाळावर करून पाहिलं. पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी दांडीवर हातोडा हाणायचा. काही वेळा असं झाल्यावर बाळ नुसत्या उंदरालाही भिऊन रडू लागलं. ती भीती काढून न टाकताच प्रयोग संपला. आज कोणतीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण त्याच वाटेवर चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी जे केलं ते क्वचितच सांगितलं जातं. सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला त्याचा आवडता खाऊ देत देत, पिंजरा थोडाथोडा जवळ आणत, त्यांनी त्याची भीती घालवली. विमानप्रवासाची, लिफ्टची, कुत्र्याची भीती घालवायला आज जे उपचार होतात त्यांचं मूळ या खोलीत आहे. वर्तनवादाचं नाव निघालं की वॉटसनऐवजी जोन्स आठवाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

पुढे वर्तनवादी स्किनर यांनी बक्षिसाचे आणि वर्तनाचे नियम कमालीच्या शिस्तीने काढले, आणि त्या शिस्तीचं ऋण मान्य करायलाच हवं. पण मन दाराबाहेर ठेवलं तरी खिडकीतून डोकावत होतं. टोलमन यांचे उंदीर बक्षीस नसतानाही चक्रव्यूहात फिरून वाटा डोक्यात साठवत आणि बक्षीस दिसताच त्या वापरत. टेनेरिफ बेटावर कोलर यांचे चिंपांझी खोक्यावर खोकं रचून वर टांगलेली केळी काढत. बार्टलेट यांनी केंब्रिजमध्ये दाखवलं की माणूस ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही, दर खेपेला ती आपल्या समजुतीनुसार नव्याने रचतो. १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या भाषेवरच्या पुस्तकावर घणाघाती परीक्षण लिहिलं. मूल कधीही न ऐकलेली वाक्यं बोलतं, ते कोणत्या बक्षिसाने शिकतं, असा त्याचा रोख होता. तोवर संगणक आले होते, माहिती साठवणं आणि हाताळणं हे शब्द रुळले होते, आणि बोधात्मक मानसशास्त्राला पाय रोवायला जागा मिळाली. मन परत आलं, पण या वेळी त्याला थेट विचारण्याऐवजी त्याच्या चुकांवरून आणि त्याला लागणाऱ्या वेळावरून त्याच्याबद्दल अनुमान काढायचं ठरलं.

या काळातला एक माणूस नीट ओळखून घ्यावा. फेफऱ्याने जेरीस आलेल्या सत्तावीस वर्षांच्या हेन्री मोलेसनवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला गेला. फेफरं बरंचसं आवरलं, पण नवी गोष्ट लक्षात राहणं बंद झालं. खोलीतून बाहेर जाऊन परत आलेला माणूस त्याला नवखा वाटे. माँट्रियलच्या ब्रेंडा मिलनर यांनी त्याला एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी, आणि तिच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. पण हात नि कागद थेट दिसायचे नाहीत, फक्त आरशात दिसायचे. आरशात बघून हात वळवणं कुणालाही आधी जमत नाही, रेषेबाहेर पेन्सिल पळते. हेन्रीलाही जमलं नाही. तीन दिवस सराव झाला. दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला, आणि दर दिवशी असं काही पूर्वी केल्याचं त्याला मुळीच आठवत नव्हतं. तोंडाने तो नाही म्हणत होता, हात हो म्हणत होता. एबिंगहाउस यांनी शाबूत माणसात जे हिशेबाने शोधलं, ते इथे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. स्मृती एकच नसते. घटना आठवण्याची एक, कौशल्याची दुसरी, आणि मेंदूत त्यांची ठिकाणं वेगळी. अर्धशतकाहून जास्त काळ तो संशोधकांना सहकार्य करत राहिला. ‘एच. एम.’ या आद्याक्षरांमागचं नाव २००८ साली त्याच्या निधनानंतरच जगाला कळलं.

मॅस्लो आणि रॉजर्स यांच्या मानवतावादी विचाराला या पुस्तकात एकच प्रकरण आहे. रॉजर्स यांनी समुपदेशनात आणलेली आस्था मोठी आहे आणि त्यांनी आपल्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून इतरांना तपासायला दिल्या, हे त्याहून मोठं. मॅस्लोंच्या नावाचा गरजांचा जो त्रिकोण व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर काढतात, तो मात्र त्यांनी काढलेला नाही.

मग हे शास्त्र आज भक्कम पायावर उभं आहे का? २०१५ साली आधी छापून आलेले शंभर प्रयोग जगभरातल्या संशोधकांनी मिळून पुन्हा केले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांनी ठोस परिणाम सापडल्याचं म्हटलं होतं. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच सापडला. काहींनी यावरून मानसशास्त्राला मोडीत काढलं. मला त्यात या शास्त्राचं बळ दिसतं. हे आकडे कुणा विरोधकाने काढले नव्हते, मानसशास्त्रज्ञांनीच काढून जाहीर केले होते. त्यानंतर प्रयोग करण्याआधीच त्याचा आराखडा नोंदवून ठेवणं आणि सगळा कच्चा तपशील खुला करणं ही रीत रुजू लागली आहे. मनाची साक्ष तपासणारे स्वतःच्या साक्षीला त्याच कसोटीवर आणू लागले.

दुसरा दोष याहून जुना आहे. मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू देशांतल्या लोकांवरून काढलेले आहेत, त्यातही विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरून, हे २०१० साली हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठासून मांडलं. याचा इशारा शंभर वर्षांपूर्वीच भारतातून मिळाला होता. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतल्या तोडा लोकांना दृष्टिभ्रमाची चित्रं दाखवली. सारख्या लांबीच्या दोन रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर. इंग्रजांना त्या जितक्या असमान वाटत, तितक्या तोडांना वाटत नव्हत्या. नुसतं बघणंही सगळीकडे सारखं नसेल, तर बुद्धी, दुःख, कुटुंब यांविषयी काय बोलावं!

बुद्धिमापनात हे सर्वांत जास्त झोंबतं. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमॉन यांनी पहिली कसोटी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. अमेरिकेत पोचल्यावर तिचंच हत्यार झालं. बाहेरून आलेल्या गरीब स्थलांतरितांना मंदबुद्धी ठरवायला आणि सक्तीच्या नसबंदीचं समर्थन करायला असल्या कसोट्यांचे आकडे वापरले गेले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी जुन्या मुंबई प्रांतात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेच्या कसोटीचं रूपांतर केलं आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. भाषांतरावर न थांबता त्यांनी प्रश्न इथल्या मुलांना विचारून पाहिले, कोणत्या वयाला कोणता प्रश्न सुटतो ते ताडलं आणि त्यानुसार क्रम बदलला. कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा देशातला पहिला विभाग पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला होता. पुणे विद्यापीठात प्रा. कोठुरकर यांच्या विभागाने पुढे स्मृती आणि अध्ययनावर काम केलं. या सगळ्यात कामतांचं काम मला सर्वांत जवळचं वाटतं, कारण ते थेट मुलांपर्यंत पोचलं.

बिने-कामत कसोटी आजही कितीतरी बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते. तिच्या आकड्यावर प्रमाणपत्रं मिळतात, सवलती ठरतात. अडचण तिच्या वयाची आहे. बुद्धिमापनात मुलांचे गुण पिढीगणिक वाढत जातात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं आणि पुढे अनेक देशांत तेच आढळलं. म्हणजे जुन्या पिढीच्या प्रमाणकांवर आजच्या मुलाला मोजलं, तर त्याचा बुद्धिगुणांक खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि ज्याला मदतीची गरज आहे ते मूल काठावर पास होऊन मदतीबाहेर राहतं. शिवाय मराठी एकसारखी नाही. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला शब्दांचे अर्थ पुण्याच्या बोलीत विचारले, तर मोजलं जातं ते दुसरंच काही. नवे प्रमाणक काढायला गावोगावची, सर्व थरांतली हजारो मुलं, प्रशिक्षित परीक्षक आणि काही वर्षांची चिकाटी लागते. कामतांनी ते तुटपुंज्या साधनांत करून दाखवलं होतं, तेव्हा आजच्या विद्यापीठांना ते अशक्य म्हणता येणार नाही. या पुस्तकातल्या बुद्धिमापनाच्या प्रकरणात प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या साली आणि कुठल्या मुलांवरून काढला, हे त्यासाठीच दिलं आहे.